रजिस्टरातला कोरा रकाना

नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार होता. दुसऱ्या दिवशी आमच्या ख्रिस्ती मंडळीत हंगामाची उपासना, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा दिवस, म्हणून मी उपदेशाचं टाचण शेवटचं नजरेखालून घालत होतो. रात्री साडेनऊच्या सुमाराला फोन वाजला. पलीकडे दहावीतला एक मुलगा. "पाळकसाहेब, आजी उठत नाही," एवढंच म्हणाला.

मी गाडी काढून वस्तीवर पोचलो तोवर शेजारच्या बायकांनी आजीचे डोळे मिटवून अंगावर धुतलेलं पातळ घातलं होतं. दोन नातवंडं भिंतीला टेकून बसली होती. घरात मोठं माणूस कुणीच नव्हतं. दोन्ही मुलगे आणि सुना दिवाळी होताच कोयता घेऊन ऊसतोडीला सांगलीकडं गेलेले. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली की हंगाम संपेपर्यंत माघारी येणं नसतं. मीच थोरल्याला फोन लावला. तो बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "सायेब, मी येईपर्यंत माती देऊ नका." मी शब्द दिला.

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या नगर जिल्ह्यात, मी बावीस वर्षं पाळक आहे. चार गावं माझ्याकडं आहेत. बुधवारी घरोघरची प्रार्थनासभा, शुक्रवारी उपास-प्रार्थना, शनिवारी बायका देऊळ, म्हणजे आमचं चर्च, झाडून सतरंज्या अंथरतात, रविवारी सकाळी मुख्य गावात उपासना आणि दुपारनंतर मोटारसायकलवरून उरलेली गावं. आठवडा असा जातो. अमेरिकन मराठी मिशन 1831 साली नगरला आलं. पुढं 1876 ते 78 च्या दुष्काळात आणि त्यानंतर या भागातली कितीतरी गावकुसाबाहेरची घरं मंडळीत आली. आजीचं सासर त्यांतलंच. वाचता येत नव्हतं, पण टिळकांची भजनं तिला तोंडपाठ. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नगरला राहून ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि कीर्तन रुजवलं, हे मी सेमिनरीत शिकलो. त्याचा अर्थ मात्र मला आजीकडून कळला. पुस्तक उघडता न येणारी बाई टाळी धरून सगळं भजन म्हणायची, आणि पुस्तक हातात असलेले आम्ही तिच्या मागं चालायचो.

रात्री अकराला कमिटीच्या चिटणीसांचा फोन आला. आधी आजीबद्दल हळहळले. मग म्हणाले, "साहेब, एक अडचण आहे. तिची वर्गणी पाच वर्षांची थकलीय. दफनभूमीचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे."

मला ठाऊक होता, कारण ठरावावर माझीही सही होती. थकबाकी भरल्याशिवाय मिशनच्या दफनभूमीत जागा नाही. बाहेरून बघणाऱ्याला हा नियम निर्दय वाटेल, पण तो उगाच झालेला नाही. दफनभूमीची भिंत पडली होती, आत गुरं फिरायची, एका बाजूनं अतिक्रमण सुरू झालं होतं. मजुरी करणाऱ्या लोकांनी पैसे काढून ती भिंत उभी केली. आणि शहरात स्थायिक झालेले, वर्षानुवर्षं तोंड न दाखवलेले काही जण फक्त माती द्यायला म्हणून गावी यायचे. हे थांबावं म्हणून तो ठराव. आदल्याच वर्षी एकानं वडिलांसाठी सगळी थकबाकी जागेवर मोजून दिली होती. चिटणीसांचं म्हणणं सरळ होतं: त्याच्याकडून घेतली आणि इकडं सोडली, तर उद्या कुणाला काय सांगायचं? मी म्हणालो, सकाळी सातला बसू.

वस्तीवर भजनं चालू होती. त्यांच्यात तास-दोन तास बसून मी घरी आलो, पण झोप येईना. कपाटातून वर्गणीचं रजिस्टर काढलं. आजीच्या नावापुढं पाच वर्षांचे पाच रकाने कोरे. खालच्या ओळीत तारीख आणि माझीच तपासणीची सही.

मी त्या कोऱ्या रकान्यांकडं बघत राहिलो, कारण मनात काहीतरी जुळत नव्हतं. ही बाई रिकाम्या हातानं देवळात आलेली मी कधी पाहिली नव्हती. दर रविवारी ती अंडं आणायची. पदराच्या टोकाला गाठ मारलेली असायची. दाराशी चप्पल काढली की उंबऱ्यातच ती गाठ सोडायची, अंडं पदरानंच पुसायची आणि वेदीच्या पायरीवर ठेवून मागं बायकांत जाऊन बसायची. अंडं गडगडू नये म्हणून खाली बारीक खडा लावायची. तो खडाही ती घरून आणत असावी, कारण आमच्या देवळाची फरशी स्वच्छ असते.

उपासना संपली की आमच्याकडं वस्तूंचा लिलाव होतो. अंडी, मेथीची जुडी, शेरभर बाजरी, कधी कोंबडी, जे आलं असेल ते खजिनदार हातात धरून बोली लावतात. आलेले पैसे 'लिलाव' या खात्यात जमा होतात. घेणाऱ्याचं नाव लिहितात, कारण पैसे त्यानं दिलेले असतात. देणाऱ्याचं नाव लिहायला रजिस्टरात जागाच नाही. आजीचं अंडं बहुतेक वेळा पाळकीणबाई घ्यायच्या. म्हणजे ते माझ्याच घरात शिजायचं, माझी मुलं खायची, आणि रजिस्टरात 'पाळक कुटुंब, दहा रुपये' अशी नोंद व्हायची.

बायबलात एक गरीब विधवा आपल्याजवळच्या दोनच टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, देवाला वाहते; बावीस वर्षांत तिच्यावर मी किती वेळा उपदेश केला असेल! बायकांच्या सतरंजीकडं हात करून केला असेल. आणि त्याच आठवड्यात तिच्या नावापुढचा कोरा रकाना बघून सही केली असेल.

रात्री दोन वाजता कपाटाच्या तळाशी हात घातला. तिथं जुनी रजिस्टरं आहेत, कसरीनं खाल्लेली, मी कधी फारशी उघडली नव्हती. 1961 सालचं एक निघालं. जाड पुठ्ठा, निळी शाई, वळणदार अक्षर. प्रत्येक कुटुंबाच्या नावापुढं दोन रकाने: एक रोकड, एक जिन्नस. जिन्नसाच्या रकान्यात 'ज्वारी 2 पायली', 'अंडी 4', 'कोंबडी 1', 'सरपण'. एका नावापुढं 'देवळाची पडवी सारवली' असंही लिहिलेलं. तेव्हाचे पाळक मला ठाऊक नाहीत, पण त्या माणसानं सारवणसुद्धा नावावर जमा केलं होतं. पुढं कधीतरी छापील रजिस्टरं आली, त्यांत फक्त रुपयांचा रकाना उरला. हिशेब सोपा झाला. कुणीही मुद्दाम काही केलं नाही. पण तेव्हापासून ज्यांच्या हातात रोकड नाही ते आमच्या कागदावर काहीच न देणारे ठरले.

सकाळी सातला देवळाच्या मागच्या खोलीत आम्ही पाच जण बसलो. मी दोन्ही रजिस्टरं शेजारी शेजारी उघडून ठेवली. कुणी काही बोललं नाही. मग खजिनदारांनी खिशातून पेन काढलं आणि हंगामाच्या कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर मांडायला लागले. वर्षाचे चाळीस-पंचेचाळीस रविवार, अंड्याला सरासरी दहा रुपये, वर्गणी वर्षाची तीनशे. "साहेब, उलट जास्तच भरतंय," ते म्हणाले. त्यांचा आवाज मोकळा झाला. चिटणीसांनीही मान डोलावली.

मला हायसं वाटलं, हे खरं. पण लगेच मनात खुपलं. अंड्यांचा हिशेब जुळला म्हणून ती आत आली, असं झालं तर मी रात्रभर काय बघत बसलो होतो? कोंबडी खुडूक बसली असती, मुंगसानं नेली असती, तर तिला भिंतीबाहेर ठेवणार होतो का? मी तेवढंच विचारलं. म्हणालो, हा कागद बाजूला ठेवा. बाप्तिस्म्याच्या वहीत तिचं नाव आहे, तिला माती देणं हे आपलं काम आहे. भिंतीचे पैसे कसे उभे करायचे ते आपण जिवंत माणसांशी बोलून ठरवू, प्रेताला अडवून नाही. ठराव बदलायचा तर वार्षिक सभेत मांडू, आणि ठरावावर माझीही सही होती हे तिथं मीच आधी सांगेन.

तिघांनी होकार दिला. एक ज्येष्ठ पंच शेवटपर्यंत म्हणाले, "साहेब, आज करा, पण माझा विरोध लिहून ठेवा." मी लिहून ठेवला. त्यांनी भिंतीसाठी स्वतः विटा वाहिल्या होत्या. त्यांच्या बोलण्यात आजीविषयी राग नव्हता, भिंतीविषयी धास्ती होती, आणि ती धास्ती खोटी नाही.

नऊला उपासना सुरू झाली. वेदीपुढं बाजरीची कणसं, भोपळे, ताटं-परडी भरून अर्पणं, दोन कोंबड्या पाय बांधून ठेवलेल्या. मी उपदेशाला बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा 26 वा अध्याय घेतला होता. देश वतन मिळाल्यावर प्रथम उपज टोपलीत घालून आणायची, याजकानं ती टोपली आणणाऱ्याच्या हातून घेऊन वेदीपुढं ठेवायची, आणि मग आणणाऱ्यानं आपली कहाणी सांगायची की माझा पूर्वज भटकणारा अरामी होता. मी कहाणीच्या भागावरच बोलणार होतो. कोयता घेऊन गावोगाव फिरणारी आमची माणसं आणि तो भटकणारा अरामी, असं टाचण होतं. पण वाचताना आधीच्या वाक्यापाशी थांबलो. याजकानं टोपली हातून घ्यावी. मी दर रविवारी पुलपिटाजवळ भजनाचा आकडा शोधत उभा असायचो. अंडं पायरीवर ठेवलं जायचं. तिच्या हातून ते मी एकदाही घेतलं नव्हतं.

हे मी मंडळीला सांगितलं. जेवढं घडलं तेवढंच, रजिस्टरासकट. उपदेश दहा मिनिटांत संपला. लिलाव आम्ही पुढच्या रविवारी ठेवला आणि पोरं पहार, कुदळ, घमेली घेऊन दफनभूमीकडं गेली. तिथली जमीन फूटभर खाली गेलं की मुरमाड. दोन पहारींची टोकं बोथट झाली. ज्येष्ठ पंच बांधावर बसून खोली मोजत होते आणि पोरांना कड सरळ धरायला सांगत होते.

थोरला मुलगा बायकोला घेऊन तीनच्या पुढं पोचला. रात्री ट्रॅक्टरवर, मग एसटी, मग कुणाच्या तरी जीपमधून. अंगावर फडातलेच कपडे. दोन्ही हातांवर उसाच्या पाल्यानं कापलेल्या बारीक रेघा, काही ताज्या. तो आईच्या पायाशी बसला आणि पायाचे अंगठे हातात धरून ठेवले. मी योहानाच्या शुभवर्तमानाच्या 11 व्या अध्यायातून वाचायचं ठरवलं होतं. मेलेल्या लाजराच्या बहिणी येशूला भेटतात ते सगळं वाचलं, आणि 'येशू रडला' या दोन शब्दांपाशी पुस्तक मिटलं. पुढचं पुनरुत्थानाचं वाचन मी कबरेवर केलं. त्या घरात तेवढे दोन शब्द पुरे होते.

सुतारानं साधी पेटी केली होती. दोरांवर सोडताना एक बाजू खाली गेली, पोरांनी सावरली. मातीला माती म्हणून मी पहिली मूठ टाकली, मग मुलानं. त्याच्या मुठीतून माती लवकर सुटेना, कापलेल्या हातांना घाम आला होता आणि ती चिकटून राहिली होती. बायकांनी आजीचंच भजन धरलं. सुरुवात कुणी करावी हे क्षणभर कळेना, कारण आजवर ती करायची. नातवानं केली. आवाज फुटलेला, वयानं आणि रडण्यानं, पण शब्द एकही चुकला नाही.

सोमवारी संध्याकाळी मी पट्टी घेऊन चालू रजिस्टरात रुपयांच्या शेजारी रेघ मारत बसलो होतो. वर 'जिन्नस' लिहिलं. तेवढ्यात थोरली सून दाराशी आली. मुकादमाचे तीन फोन येऊन गेले होते, त्यांना पहाटेच निघायचं होतं. धाकटी नात सोबत जाणार होती. नातवाचं दहावीचं वर्ष, म्हणून पाळकीणबाईंनी त्याचं अंथरूण आदल्या रात्रीच आमच्या घरी घातलं होतं.

सुनेच्या काखेत कोंबडी होती.

"घराला कुलूप लागणार. आत्या म्हणायच्या, कोंबडी देवाचीय," ती म्हणाली आणि खाली ठेवायला वाकली.

"थांब, खाली ठेवू नको," मी म्हणालो. उठलो आणि दोन्ही हातांनी घेतली. ती ऊबदार होती आणि छाती जोरात धडधडत होती. नातवानं तिला पाटीखाली झाकली. मी परत बसलो आणि आजीच्या ओळीत, नव्या रकान्यात लिहिलं.

"काय लिव्हलं?" सुनेनं विचारलं.

मी आजीचं पूर्ण नाव वाचलं आणि पुढचं वाचलं, "कोंबडी 1."

"आणि अंडी?" ती म्हणाली.

मी परत पेन उचललं.