प्रवेशिका पूर्णची उजळणी : माझा अनुभव

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षांमध्ये प्रवेशिका पूर्ण या पायरीपासून लेखी पेपर सुरू होतो, आणि एरवी मन लावून गाणारी मुले नेमकी तिथे गाइड घोकू लागतात. माझ्या शाळेतील सात विद्यार्थ्यांचेही तसेच झाले. परीक्षेच्या महिनाभर आधी एका मुलीला मी भीमपलास रागाची माहिती विचारली, तेव्हा ‘थाट काफी, वादी मध्यम, संवादी षड्ज’ असे रागाचे मूळ कुळ आणि दोन मुख्य स्वर तिने एका दमात सांगितले. बागेश्री रागाबद्दल विचारले, तर तेच शब्द त्याच सुरात आले. दोन्ही उत्तरे बरोबर होती आणि माझी अडचण नेमकी तीच होती.

सुरुवातीला मी रागांच्या माहितीचे पत्ते करून जोड्या लावायला दिले. मुले रमली, पण तीही घोकंपट्टीच होती, फक्त अधिक वेगाने. चार दिवसांत ते पत्ते कपाटात गेले. मग एकाने मनात राग धरून छोटा तुकडा गायचा आणि इतरांनी राग ओळखून कोणत्या स्वरावर खात्री पटली तेही सांगायचे, असे ठरवले. गंधार आणि निषाद दोन्हीकडे कोमलच असल्याने त्यांचा आधार मिळेना. मात्र भीमपलासातले ‘ग म प नी सां’ ऐकताच पंचमावर हात वर होऊ लागले, कारण बागेश्री वर चढताना पंचम टाळून ‘ग म ध नी सां’ अशी जाते. एका मुलाने बागेश्रीच्या अवरोहातला, म्हणजे स्वर उतरतानाचा, पंचम मुद्दाम गाऊन सर्वांना फसवले, तेव्हा झालेल्या वादात पूर्ण तास गेला. तो तास वाया गेला असे मला मुळीच वाटत नाही.

तालांसाठी वर्गातील बारा फरश्यांवर खडूने आकडे लिहिले आणि मुलांना बारा मात्रांचा एकताल म्हणत चालायला लावले : 1, 5, 9, 11 वर टाळी, 3 आणि 7 वर खाली, म्हणजे तिथे टाळी नाही. दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, प्रत्येक फरशीवर दोन मात्रांचे बोल म्हणायचे होते. पाय त्याच संथ गतीने पडतात आणि तोंडाने मात्र आवर्तन दोनदा पूर्ण होते, हे लक्षात आल्यावर ‘दुगुन म्हणजे भराभर म्हणणे’ हा समज आपोआप गळाला. खालच्या मजल्यावरील वर्गातून तक्रार आल्यामुळे हा सराव शाळा सुटल्यानंतर करावा लागला. स्वरलिपीची उजळणी, फळ्यावर मी मुद्दाम चुकीची लिहिलेली बंदीश दुरुस्त करण्यात, दोन तासांत आटोपली.

तोंडी परीक्षेत राग ओळखताना कोणीही अडले नाही. लेखी पेपरात मात्र दोघांनी एकतालाच्या खुणांखाली चौतालाचे बोल लिहिले. मात्रा, टाळ्या आणि खाली सारख्याच असलेले हे दोन ताल मी त्याच फरश्यांवर, एकाच दिवशी चालवले होते. पुढच्या तुकडीसाठी त्यांच्यामध्ये निदान आठवड्याचे अंतर ठेवणार आहे.