तुम्ही विचारलेत म्हणून: एका फौजेच्या बखरीविषयी

वाचायला इतकी पुस्तके असताना तुम्ही त्याच एका भाडोत्री फौजेच्या कहाणीकडे दर दोन-तीन वर्षांनी परत का जाता, आणि वेढे, चेटके व कत्तली यांनी भरलेल्या त्या कादंबऱ्यांत जीव लावावा असे काय आहे, हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे ठरवले. आजवर मी ‘आवडते म्हणून’ एवढेच सांगून विषय मिटवत आले. ते खोटे नव्हते, पण विचारणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नव्हते.

ही मालिका म्हणजे ग्लेन कुक या अमेरिकी लेखकाची ‘द ब्लॅक कंपनी’. याच नावाची पहिली कादंबरी १९८४ साली आली, दहावी ‘सोल्जर्स लिव्ह’ २००० साली, आणि पुढे २०१८ मध्ये ‘पोर्ट ऑफ शॅडोज’ची तीत भर पडली. कुक यांनी तरुणपणी नौदलात नोकरी केली आणि नंतर जनरल मोटर्सच्या कारखान्यात काम करता करता पुस्तके लिहिली, हे मला संपूर्ण मालिका दोनदा वाचून झाल्यावर कळले, आणि त्याचे मला मुळीच नवल वाटले नाही. त्यांचे शिपाई युद्धाकडे पाळीवर निघालेल्या कामगारासारखे पाहतात. त्यांची पावले दुखतात, जेवणाबद्दल त्यांची कुरकुर चालते, वरिष्ठांच्या हुकुमामागचे कारण त्यांना कोणी सांगत नाही, आणि जरा उसंत मिळाली की ते ‘टाँक’ नावाचा पत्त्यांचा डाव मांडून बसतात.

या फौजेची एक बखर आहे. मूळ इंग्रजीत तिला ‘अ‍ॅनल्स’ म्हटले आहे, पण मी मनातल्या मनात तो शब्द नेहमी बखर असाच वाचते. शतकांपूर्वी खातोवार नावाच्या ठिकाणाहून निघालेल्या स्वतंत्र फौजांपैकी ही शेवटची उरलेली. माणसे मरतात, नवी भरती होते, मालक बदलतात, पण ती बखर लिहिणे कधी थांबत नाही. आपण वाचतो ती कादंबरी म्हणजे त्या बखरीचाच चालू खंड होय. तो लिहिणारा क्रोकर हा फौजेचा वैद्यही आहे, आणि माझ्या प्रेमाचे निम्मे कारण या एका योजनेत आहे. वैद्याला लढाई दिसते ती तिच्या परिणामांसकट: हल्ला कसा झाला हे तो दोन वाक्यांत सांगून मोकळा होतो, आणि नंतर रात्रभर कोणाला टाके घातले, कोण वाचला, कोण वाचला नाही, याचा हिशेब त्याच्याच हातून लिहिला जातो. मालिकेच्या अगदी आरंभीसुद्धा रणांगण नाही. एका परक्या शहरात पोटातल्या कळांनी तळमळणारे साथीदार आहेत, त्यांच्याकडे धावत गेलेला क्रोकर आहे, आणि हा विषप्रयोग आहे हे त्याच्या ध्यानात येते तो क्षण आहे. जगाचा इतिहास-भूगोल कोणी समजावून सांगत नाही. आपण थेट त्या आजारी माणसांजवळ जाऊन उभे राहतो. पहिल्या वाचनात मी तिथे पार गोंधळले होते आणि पुस्तक काही दिवस बाजूलाही ठेवले होते.

ज्या जागेने मला कायमचे बांधून घेतले, ती पहिल्याच भागात आहे. ही फौज ज्या सम्राज्ञीच्या चाकरीत शिरते, तिला सगळे ‘लेडी’ म्हणतात. तिच्या सत्तेचा दरारा मोठा आहे, आणि तिच्या हाताखाली ‘टेकन’ म्हणून ओळखले जाणारे, एके काळी स्वतःच बलाढ्य असलेले पण आता तिच्या अंकित झालेले जादूगार आहेत. म्हणजे आपली माणसे धर्मयुद्धाच्या सरळ बाजूला उभी नाहीत. पलीकडचे बंडखोरही देवमाणसे नाहीत. या चाकरीत साथीदारांच्या हातून क्रौर्य घडते, आणि क्रोकर एका ठिकाणी थांबून कबूल करतो की त्यातले पुष्कळ आपण लिहिलेले नाही, कारण ही माझी भावंडे आहेत आणि घरच्यांविषयी वाईट बोलू नये असे मला लहानपणी शिकवलेले आहे. रेव्हन नावाचा त्याचा अबोल, कठोर साथीदार ही पाने वाचून हसतो आणि त्यांना साखरेत घोळलेली म्हणतो.

हा मजकूर मी प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. तोपर्यंतच्या शंभर-दीडशे पानांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला होता, आणि आता सांगणाराच सांगत होता की त्यात गाळलेल्या जागा आहेत. मग मी मागची पाने पुन्हा चाळली. जिथे गाव ‘ताब्यात आले’ एवढेच लिहिले होते, तिथे आता मला गाव दिसू लागले. युद्धाच्या अनेक कादंबऱ्या अत्याचारांची वर्णने पानोपानी करतात आणि वाचणाऱ्याचे मन बधिर करतात. इथे न लिहिलेल्या ओळींचे ओझे वाचणाऱ्याने स्वतः उचलायचे असते. लबाडी कबूल करणारा निवेदक मला, ‘मी सगळे खरे सांगतो’ असे म्हणणाऱ्यापेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो, आणि क्रोकरवरचा माझा विश्वास त्या कबुलीपासूनच सुरू झाला.

हिंसेची पुस्तके तुम्हाला कशी आवडतात, असे विचारणाऱ्यांना मी हाच उतारा वाचायला सांगते. त्याच्याच जोडीला डार्लिंग येते. क्रोकर आणि रेव्हन आपल्याच बाजूच्या सैनिकांच्या तावडीतून एका मूकबधिर लहान मुलीला सोडवतात आणि फौज तिला सांभाळते. मुलीशी बोलता यावे म्हणून ही राकट माणसे हातांच्या खुणांची भाषा शिकतात, याचे कौतुक कुक कुठेही करत बसत नाहीत. पुढे त्या मुलीपायी सगळ्या युद्धाचे पारडे फिरते, पण मला लक्षात राहते ते खुणांनी चाललेले त्यांचे बोलणे. सायलेंट नावाचा एक जादूगार कधीच बोलत नाही. तिसऱ्या भागाच्या अखेरीस तो तोंड उघडतो, आणि तो कोणासाठी हे माहीत असूनही मला ते पान दर वेळी सावकाश वाचावे लागते.

बखर पुढे हातोहात जाते. क्रोकरनंतर ‘ड्रीम्स ऑफ स्टील’मध्ये ती लेडीच्या हाती येते. तिची जादू तोवर गेलेली असते, क्रोकर मेला अशी तिची समजूत असते, आणि ती विलाप न करता, थंड व तोकड्या वाक्यांत, परक्या प्रदेशात नवी फौज उभी केल्याची हकिकत लिहिते. दुःख कुठे आहे हे वाक्यांच्या त्या तोकडेपणावरूनच कळते. तिच्यानंतर मर्गन येतो, मग स्लीपी येते, आणि शेवटी पुन्हा क्रोकर. प्रत्येकाच्या हातात फौज तीच, पण तिचा चेहरा वेगळा. मर्गनच्या ‘ब्लीक सीझन्स’मध्ये काळ इतका मागेपुढे होतो की वाचक दमतो, मी तो भाग तीनदा वाचूनच पचवला, पण डेजागोर शहराच्या वेढ्यातील उपासमार आणि आपल्याच माणसांत पडलेली फूट यांसाठी ते कष्ट घ्यावेत असे माझे मत आहे. ‘द सिल्व्हर स्पाइक’ हे मालिकेतले पुस्तक मला मुख्य प्रवाहाबाहेरचे वाटते. ‘पोर्ट ऑफ शॅडोज’ मी एकदाच वाचले.

फौज दक्षिणेकडे जाते त्या पुस्तकांत किना नावाची संहारदेवता, तिच्या नावाने गळे आवळणारा गुप्त पंथ, त्यांच्या हातातला ‘रुमेल’ म्हणजे गळा आवळायचा रुमाल, आणि त्यांचा म्होरक्या नारायण सिंग हे सारे येते, तेव्हा ठगांचा आणि कालीचा धागा आपल्या वाचकांच्या चटकन ध्यानात येईल. दुरून पाहणाऱ्याच्या नजरेतला ढोबळपणा त्यात आहे, हे मी नाकारत नाही. नारायण सिंग मात्र नुसता खलपुरुष राहत नाही. त्याची श्रद्धा खरी आहे, आणि म्हणूनच त्याची भीती वाटते.

या सगळ्याच्या तळाशी मला भिडणारी एक गोष्ट आहे. बखरीचे सर्वांत जुने खंड हरवलेले आहेत. आपण मुळात कोण होतो आणि कशासाठी निघालो होतो हे कोणालाच ठाऊक नाही, आणि मूठभर उरलेली माणसे त्या पहिल्या पानांच्या ओढीने खातोवारच्या दिशेने चालू लागतात. राज्य, धन, सूड यांसाठी निघालेल्या फौजा गोष्टींत पुष्कळ असतात. स्वतःच्या बखरीच्या आरंभासाठी इतके अंतर तुडवणारी फौज मी दुसऱ्या कुठल्याच पुस्तकात पाहिलेली नाही. वाटेत क्रोकर जुन्या खंडांतले उतारे शिपायांना वाचून दाखवतो. आपण मेल्यावर आपलेही नाव असेच कोणीतरी मोठ्याने वाचील, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला त्या वेळी उमगत असणार.

माझ्या पहिल्या भागाच्या प्रतीचा कणा मोडला आहे आणि शेवटचे कोरे पान सुटे झाले आहे. त्या पानावर मी दुसऱ्या वाचनापासून पेन्सिलीने मेलेल्या शिपायांची नावे लिहीत आले; ज्यांच्या वाट्याला प्रसंग आला त्यांची, आणि ज्यांना अर्ध्याच वाक्यात मरण आले त्यांचीही, समोर पृष्ठांक घालून. या वर्षीचे माझे पाचवे वाचन. त्यात यादीला आणखी दोन नावे जोडली गेली, दोन्ही एकाच परिच्छेदातली, आणि याआधी चार वेळा मी त्यांच्यावरून तशीच पुढे गेले होते.