नळे परतण्यापासून छप्पर बांधण्यापर्यंत: आमची वाटचाल

एप्रिल लागला की आमच्या घरी पहाटे चारला दिवा लागायचा. बाबा शिडी, कोयती, काथ्याची दोरी आणि दोन टोपल्या घेऊन निघायचे. ऊन चढलं की नळ्यांवर, म्हणजे छपरावरच्या मातीच्या अर्धगोल कौलांवर, हात टेकवत नाही, म्हणून काम सकाळी दहाच्या आत उरकायचं. दापोली तालुक्यात केळशी-आंजर्ल्याच्या पट्ट्यात तेव्हा बहुतेक घरं नळ्यांची होती आणि पावसाआधी प्रत्येक घर परतून घ्यावंच लागायचं. म्हणजे एकेका पाख्यावरचे, छपराच्या उतारावरचे, सगळे नळे उतरवायचे, पालापाचोळा झाडायचा, वाळवी लागलेली रीप काढून पोफळीची नवी रीप मारायची आणि वळचणीपासून, म्हणजे खालच्या कडेपासून, माथ्यावरच्या आढ्याकडे पुन्हा लावत जायचं. सुट्टीत मी खाली उभा राहून नळे झेलायचो. बाबांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती नळा वाजवायची. बोटाच्या पेराने टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर वर जाईल, बद्द वाजला तर त्याला न दिसणारा तडा आहे.

ही आमच्या धंद्याची सुरुवात. धंदा असं कोणी म्हणत नव्हतं. मजुरी होती, काही घरांतून पैशाऐवजी तांदूळ आणि नारळ यायचे.

मग हळूहळू सगळंच बदललं. परतायला चढणारी तरुण पोरं मुंबईला गेली. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना दर वर्षी माणसं मिळेनात. त्यात माकडं. फणस-आंब्याच्या दिवसांत टोळी एकदा छपरावरून धावत गेली की शंभर नळे फुटलेच. ज्याला परवडलं त्याने मंगलोरी कौलं घातली. ज्याला तेही नको होतं, त्याला पत्रा हवा होता. मी आयटीआय करून वेल्डिंग शिकलो होतो. २००४ साली पतपेढीचं कर्ज काढून वेल्डिंग मशीन घेतलं, रस्त्याकडेच्या भाड्याच्या गाळ्यात टाकलं आणि लोखंडी कैच्या, म्हणजे छपराला आधार देणारे त्रिकोणी सांगाडे, बनवायला लागलो. बाबांना ते पटलं नव्हतं. ‘घराला श्वास राहणार नाही,’ एवढंच ते म्हणाले होते. मला तेव्हा वाटलं, ते त्यांच्या कामाच्या मायेने बोलतायत.

पुढची पंधरा वर्षं काम भरपूर मिळालं. आधी सिमेंटचे पत्रे, जे-हुकात अडकवलेले. मग रंगीत पत्रे आले आणि सगळ्यांना तेच हवे झाले. दोन माणसांचे सात झालो, टेम्पो घेतला, गाळा स्वतःचा झाला. गणपतीला मुंबईकर गावी आले की पाच-सहा घरांची मापं एकाच आठवड्यात घ्यायचो. काम वेगाने करत होतो आणि स्वस्तात करत होतो. कैची भिंतीवर ठेवायची, भिंतीच्या जांभ्या चिऱ्यात भोक पाडून बोल्ट ठोकायचा, वर पाइप, पाइपावर पत्रा, एक सोडून एक उंचवट्यावर स्क्रू. इकडे सगळे तसंच करत होते, आम्हीही तसंच केलं.

३ जून २०२०, बुधवार. लॉकडाऊन होता, त्यामुळे नेहमीपेक्षा जास्त माणसं गावात होती. निसर्ग वादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. बाणकोटच्या खाडीपलीकडे श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दिवेआगर आणि अलीकडे आमचा सगळा पट्टा त्याच्या तडाख्यात सापडला. आमची जुनी घरं नैर्ऋत्येच्या पावसाकडे पाठ करून बांधलेली असतात, त्याच बाजूला पाऊस अडवायला झडी लावतात. या वाऱ्याने सुरुवात केली ती पूर्वेकडून, डोंगराच्या अंगाने, जिथून वारा येईल असं आम्ही कधी धरलंच नव्हतं. मग तो फिरत फिरत समुद्राकडून आला. घराच्या चारही बाजू त्याने एका दुपारी तपासून घेतल्या. पोफळीच्या बागा कापणी झाल्यासारख्या आडव्या पडल्या. दोन दिवसांनी वटपौर्णिमा होती, आणि आमच्या वाडीत पूजेला वड उभा नव्हता.

वीज गेली, फोन गेले, रस्त्यात झाडं. तिसऱ्या दिवशी मी चालतच निघालो, आम्ही केलेली छपरं बघायला. अकरा दिवसांत पायी आणि मोटारसायकलवर एकशे चाळीस घरं पाहिली. त्यातल्या बावीस घरांचे पत्रे उडाले होते. नऊ घरांची कैचीसकट सगळी छपरं गेली होती. एका घराचं आख्खं छप्पर शेजारच्या आंब्यावर जाऊन बसलं होतं, पाइप-पत्रा एकसंध. आमच्या वेल्डिंगचा एकही जोड सुटलेला नव्हता. मी खाली बोल्ट उचलून पाहिला, तर त्याच्या आट्यांत चिऱ्याची लाल भुकटी भरलेली होती. बोल्ट तुटला नव्हता, वाकला नव्हता. चिऱ्यातून सरळ उपटून आला होता. लोखंडाला लोखंड घट्ट जोडलं होतं, पण घराला छप्पर जोडलेलंच नव्हतं.

त्याच वाडीत एका काकींचं जुनं नळ्यांचं घर होतं. नळे अर्धे गेलेले, आत सगळीकडे पाणी, पण वासे जागच्या जागी, आढं सरळ. काकी ओल्या भाताच्या पोत्यावर प्लास्टिक ओढत होत्या. मला म्हणाल्या, ‘तुझ्या बापसाने परतलेलं घर आहे रे. कौलं गेली, घर राहिलं.’ त्यांनी ते मला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं. मला लागलं.

त्या पावसाळ्यात मी रात्री बसून शिकलो. ओळखीच्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरने फोनवरून तासन्‌तास समजावलं. आपल्याला वाटतं वारा छप्पर ढकलतो. खरं म्हणजे तो ते वर ओढतो. पाख्यावरून वेगाने जाताना वर ओढ तयार होते, आणि एखादं दार किंवा खिडकी फुटली की आत शिरलेला वारा खालून उचलतो, दोन्ही एकाच वेळी. हिशेब सोपा आहे: वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा. उत्तर न्यूटनमध्ये येतं, किलोसाठी साधारण दहाने भागा. इमारतींवरच्या वाऱ्यासाठी जे भारतीय मानक आहे, आयएस ८७५ चा तिसरा भाग, त्यात मुंबईसाठी मूळ वेग ४४ आणि पणजीसाठी ३९ धरलाय. ३९ म्हणजे ताशी १४० किलोमीटर. त्याचा दाब निघतो दर चौरस मीटरला ९० किलोच्या वर, आणि कडांना, कोपऱ्यांना व आढ्याजवळ ओढ याहूनही जास्त. आमच्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला पाच किलोच्या आत. मंगलोरी कौलांचं ४० च्या आसपास. शिवाय कौलांच्या फटींतून दाब सुटतो. बाबा ज्याला श्वास म्हणत होते, तो हाच होता. कौल स्वतः जातं आणि खालचा सांगाडा वाचवतं. पत्रा घट्ट बसवला की तो शिडासारखा वारा धरतो, मग त्याला धरून ठेवणारं काहीतरी भिंतीत खोलवर असावं लागतं.

उडालेल्या त्या नऊ घरांची छपरं आम्ही मजुरी न घेता पुन्हा चढवली. मालाचे पैसे घेतले, तेही जमेल तसे. दोन वर्षं गाळ्यात शिल्लक काही राहिली नाही. दोन माणसं सोडून गेली, त्यांची घरं चालायला हवी होती, त्यात त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. पण जे गिऱ्हाईक मला भिंतीचं काम करू देत नव्हतं, त्याचं छप्पर मी त्या दिवसापासून घेतलेलं नाही.

आता आम्ही काम कसं करतो ते सविस्तर सांगतो, कारण घर कोणाकडूनही करून घेतलंत तरी हे विचारायला हवं.

जुनं छप्पर उतरवल्यावर आधी वर बघत नाही, भिंतीचा माथा बघतो. चिरा छान दगड आहे, वजन झेलतो, पण त्यात ठोकलेला बोल्ट ओढ सहन करत नाही. म्हणून चारही भिंतींवरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा ओततो, सहा इंच जाड, चार सळ्यांचा. कैचीचे बोल्ट त्यात आधीच, सळईखाली आकडा अडकवून उभे करायचे आणि मग ओतायचं. नंतर भोक पाडून नाही. या पट्ट्याला किमान आठवडाभर पाणी मारतो. लोकांना घाई असते, दोन दिवसांनी फोन येतात, ‘वर कधी चढणार?’ मी थांबतोच.

पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून तोडून घेतो. आपल्याकडे एकच पाखं आढ्यापासून पडवीच्या टोकापर्यंत उतरत येतं. दिसायला सुरेख, पण पडवी तीन बाजूंनी उघडी, वारा पहिला तिथेच शिरतो आणि उचलतो, आणि मग मागचं सगळं घेऊन जातो. पडवी वेगळी असली तर जाईल ती पडवी जाईल. वळचण दोन फुटांपुढे काढत नाही. जमेल तिथे चौपाखी छप्पर सुचवतो. दुपाखी घराच्या त्रिकोणी भिंतीवर वारा आपटतो, चौपाखीवरून तो सरकतो.

स्क्रूच्या बाबतीत मी हट्टी आहे. कडेच्या चार फुटांत, आढ्याला आणि वळचणीला प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू, मधल्या भागात एक सोडून एक. खाऱ्या वाऱ्यात साधा स्क्रू दोन-तीन पावसाळ्यांत डोकं टाकतो, म्हणून जाड लेपाचे स्क्रू आणि चांगल्या रबराचे वॉशर. पत्रा ग्राइंडरने कापू देत नाही. ठिणग्या पत्र्यावर उडतात, लेप जाळतात आणि पहिल्याच पावसाळ्यात तांबडे ठिपके उमटतात. कात्रीने कापायचा, वेळ लागला तरी. पाइपांची तोंडं बंद करायची, नाहीतर पाइप आतून गंजत राहतो आणि बाहेरून रंग नवाच दिसतो. जुने सिमेंटचे पत्रे उतरवताना पाणी मारून, न फोडता, अखंड उतरवायचे. त्यात ॲस्बेस्टॉस असतो, त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. पूर्वी आम्ही हेच पत्रे वरून खाली फेकायचो, पोरं शेजारी खेळत असायची. ते आठवलं की आजही जीव कासावीस होतो.

उकाड्याचं वेगळंच. वादळ एखाद्या वर्षी येतं, मे महिना दर वर्षी येतो. पत्र्याखालच्या खोलीत दुपारी झोपवत नाही, रात्री बारापर्यंत वरून धग येत राहते. म्हणून गडद लाल पत्रा मागणाऱ्याला मी आधी फिकट रंगाचा तुकडा आणि लाल तुकडा दोन्ही उन्हात ठेवून हात लावून बघायला सांगतो. दहा मिनिटं पुरतात. पत्र्याखाली फळ्यांचा माळा घ्यावा, मध्ये हवा खेळायला जागा सोडावी, आढ्याला आणि वळचणीला जाळी लावून ती हवा बाहेर पडू द्यावी. पावसाचा आवाजही त्याने खूप कमी होतो. आणि ज्यांचे वासे धड आहेत, आईन-किंजळीचे जुने वासे, त्यांना मी पत्रा घालूच नका म्हणतो. मंगलोरी कौलं घाला. त्या कौलाला खालून भोक असलेला कान असतो, तो तार घालण्यासाठीच आहे, पण कोणी घालत नाही. आम्ही वळचणीच्या, आढ्याच्या आणि कडेच्या ओळींतलं प्रत्येक कौल न गंजणाऱ्या तारेने रिपेला बांधतो. कोने, म्हणजे आढ्यावरची कौलं, चुन्या-सिमेंटात बसवतो. माकडांवर मात्र माझ्याकडे उपाय नाही. पन्नास कौलं जास्तीची माळ्यावर ठेवून द्या, एवढंच सांगतो.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून वर गेलं. ते आमच्यावर चढलं नाही, बाहेरून घासून गेलं, तरी त्या रात्री मी झोपलो नाही. सकाळी उजाडताच नवी केलेली छपरं बघत फिरलो. एका पडवीचे चार पत्रे वाकले होते. मागचं घर कोरडं होतं. मी त्या पडवीत बराच वेळ नुसता उभा होतो.

आज आम्ही पाच जण आहोत. वर्षाला पंधरा-सोळा घरं घेतो, पूर्वीच्या निम्मीही नाहीत. दिवाळी ते मे एवढाच हंगाम. मे अर्धा सरला की नवं छप्पर उघडत नाही, कितीही पैसे दिले तरी. उघड्या घरावर पहिला पाऊस आला तर मातीच्या भिंती आणि धान्य दोन्ही जातं. उंचावर दोरी बांधल्याशिवाय कोणी चढत नाही. बाबांनी आयुष्यभर दोरीशिवाय काम केलं. त्यांचा एक सोबती पडून कायमचा बसला, ते मी लहानपणी पाहिलंय.

त्या काकींचं घर गेल्या हंगामात केलं. वासे तेच ठेवले, भिंतीवर पट्टा ओतला, मुख्य घरावर मंगलोरी कौलं. पडवीवर मात्र त्यांना नळेच हवे होते. मुलाने मुंबईहून फोनवर बरंच समजावलं, त्या ऐकेनात. आता नवे नळे करणारे कुंभार इकडे शोधून सापडत नाहीत, म्हणून वादळात वाचलेले आणि आजूबाजूच्या पडक्या घरांतले जुने नळे गोळा करून आणले, साधारण दोन हजार. बाबांना आता वर चढवत नाही. ते दोन दिवस काकींच्या खळ्यात पाटावर बसून एकेक नळा उचलून टिचकी मारत होते, चांगला डावीकडे, बद्द उजवीकडे. काकी चहा घेऊन आल्या तेव्हा डाव्या बाजूला तेराशे झाले होते. पडवीला अकराशे लागले. उरलेले दोनशे त्यांनी माळ्यावर ठेवायला लावले.