बेबो, चौतीस हजार किलोमीटर आणि मी

आमच्या डिचोलीत बेडकाला बेबो म्हणतात. ही गाडी पहिल्यांदा अंगणात येऊन उभी राहिली तेव्हा शेजारच्या काकू कंपाउंडवरून डोकावल्या आणि म्हणाल्या, "कितें रे हें, बेबो हाडला?" म्हणजे बेडूक आणलास का? झालं, नाव चिकटलं. तसं बघितलं तर काकूंचं चुकलं नाही, पुढून गोल, मागून गोल, जमिनीला पोट टेकवून बसल्यासारखी. बाबांनी एकदाच गाडीला प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "दोन दारां आनी पयशे चार दारांचे?" आणि आत चहा प्यायला निघून गेले.

तर ही आहे ऑडी टीटी, दुसऱ्या पिढीची, २००८ सालची, दोन लिटर टर्बो पेट्रोल, २०० हॉर्सपॉवर, सहा गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), ताकद फक्त पुढच्या चाकांना. टीटी म्हणजे टुरिस्ट ट्रॉफी, आयल ऑफ मॅन बेटावरच्या मोटरसायकल रेसवरून घेतलेलं नाव. पहिली टीटी १९९८ मध्ये आली तेव्हा मी शाळेत होतो आणि तिचा फोटो वहीच्या कव्हरला लावला होता, त्यामुळे २०२१ मध्ये पर्वरीतल्या एका बंगल्यात एक टीटी विकायची आहे असं कळल्यावर मी किती शहाणपणाने वागलो असेन ते तुम्हीच ओळखा.

मालक परदेशात, गाडी गॅरेजमध्ये, दाखवायला केअरटेकर. किलोमीटर चौतीस हजार. तेरा वर्षांत फक्त चौतीस हजार! माझ्या डोक्यात तिथेच सौदा झाला होता.

पण जुनी गाडी बघायला जाताना खिशात लोहचुंबक ठेव असं एका मित्राने बजावलं होतं, पत्र्याला चिकटला तर ठीक, नाही चिकटला तर खाली पुट्टी भरलेली, म्हणजे ठोकलेली गाडी. मी घरच्या फ्रीजवरचा केळ्याच्या आकाराचा एक घेऊन गेलो होतो. बॉनेटवर ठेवला, घसरून खाली पडला. पुढच्या फेंडरवर ठेवला, पडला. दुसऱ्या बाजूला, तेच. मी केअरटेकरकडे अशा नजरेने बघितलं की तो बिचारा दोन पावलं मागेच सरकला. मग छतावर ठेवला, तिथेही नाही, आणि तेव्हा जरा ट्यूब पेटली की छताला पुट्टी कोण भरणार? दरवाजावर मात्र टक्कन चिकटला, डिकीच्या झाकणावर पण. तिथेच उभा राहून मोबाईलवर शोधलं तेव्हा कळलं की या टीटीच्या बॉडीत ६९ टक्के ॲल्युमिनियम आणि ३१ टक्के स्टील आहे. पुढचा भाग, बाजू, छत हे ॲल्युमिनियमचं आणि दरवाजे, डिकीचं झाकण, मागचा तळ हे स्टीलचं, कारण इंजिन पुढे असल्याने नाक जड होतं आणि मागे थोडं वजन हवं असतं. म्हणजे या गाडीला लोहचुंबक परीक्षा निम्मी गैरलागू. केअरटेकरला सॉरी म्हटलं, तो म्हणाला "ना रे, चलता."

गोव्यात मात्र ही माहिती दुसऱ्या कारणाने कामाची. ॲल्युमिनियम गंजत नाही तसं, पण स्टील आणि ॲल्युमिनियम जिथे एकमेकांना लागतात तिथे खारट ओल पोचली की ॲल्युमिनियमच खाल्लं जातं, कंपनीने मध्ये गोंद आणि सीलर भरलेला असतो पण कोणी स्वस्तात डेंटिंग केलं असेल तर तो गेलेला असतो. म्हणून मी जमिनीवर पेपर अंथरून आडवा झालो आणि टॉर्च घेऊन मागचा तळ, चाकांच्या कमानी, डिकीतल्या कार्पेटखालचा भाग बघितला. स्वच्छ होता. त्या एका गोष्टीचं श्रेय मी स्वतःला देतो, बाकी सगळीकडे माती खाल्ली.

माती कशी खाल्ली ते सांगतो. चौतीस हजार बघून मला वाटलं गाडी नवीच आहे. गाडी नवी नव्हती, फक्त चाललेली नव्हती, आणि या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक असतो हे मला पुढच्या सहा महिन्यांत पैसे मोजून समजलं. रबर, तेल, बेल्ट, बॅटरी हे किलोमीटर मोजत नाहीत, पावसाळे मोजतात. आणि आपल्याकडचा पावसाळा म्हणजे माहितीच आहे, जून ते सप्टेंबर चपला पण वाळत नाहीत.

सगळ्यात आधी टायर. नक्षी बघाल तर भरपूर शिल्लक, बोट आत जायचं. मग टायरच्या बाजूला तो डॉट कोड असतो ना, शेवटचे चार आकडे, ते वाचले, ०८०८. म्हणजे २००८ चा आठवा आठवडा. गाडीबरोबर फॅक्टरीतून आलेले टायर, तेरा वर्षांचे, कडेला बारीक चिरा, दगडासारखे कडक. पहिल्या पावसात अस्नोड्याच्या वळणावर गाडी सरळच निघाली होती, रस्ता रिकामा होता म्हणून हे लिहितोय. दुसऱ्या दिवशी चारही बदलले.

मग बेळगावचा मेकॅनिक. गोव्यात कोणी नाही असं नाही पण हा माणूस या इंजिनांमध्येच म्हातारा झालाय आणि मुख्य म्हणजे काम करताना बाजूला उभं राहू देतो. तो म्हणाला, "दादा, आधी एक टोपी बघू, मग बाकी बोलू." टोपी म्हणजे कॅम फॉलोअर. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये मारतात, त्यासाठी हाय प्रेशर पंप लागतो, आणि तो पंप कॅमशाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, टोकावरून चालतो. कॅम (त्या दांड्यावरचा उंचवटा) आणि पंप यांच्या मध्ये ही बाटलीच्या बुचाएवढी स्टीलची टोपी, इंजिन चालू असेतो कॅम तिच्या डोक्यावर घासत असतो. त्याने तीन स्क्रू काढले, पंप बाजूला केला, बोटाने टोपी ओढून काढली, कापसाच्या बोळ्याने पुसली आणि मोबाईलच्या उजेडात माझ्या हातावर ठेवली. कडेला काळा लेप, आणि मधोमध तो लेप उडून रुपयाएवढा चकचकीत गोल. "अजून भोक पडलं नाही," म्हणाला, जणू काही लॉटरी लागली. भोक पडलं असतं तर कॅमशाफ्ट आणि पंप दोन्ही गेले असते आणि मी हा लेख लिहिण्याऐवजी कुठेतरी कर्ज काढत बसलो असतो. नवी टोपी अडीच हजार. तेव्हापासून दर ऑईल बदलाला उघडून बघतो, जुनी टोपी टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलीय.

टायमिंग बेल्ट पण तेव्हाच, वॉटर पंपासकट. किलोमीटरच्या हिशेबाने बेल्ट बदलायला खूप अवकाश होता, पण काढलेला बेल्ट उलटा वाकवला तर आतल्या बाजूला भेगा दिसत होत्या, आणि या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, विषय संपला. डीएसजीचं तेल आणि फिल्टर, दर साठ हजारला बदलायचं म्हणतात, मी चौतीसला बदललं, निघालं ते डांबरासारखं. व्हॉल्व्हवर काजळी धरलेली, कारण पेट्रोल थेट आत जातं, इनटेक व्हॉल्व्ह धुतलेच जात नाहीत. ती साफ करायला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारतात. हे घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, आम्हाला दिवाळीला सुद्धा अक्रोड नाही आणि गाडीला?

एक युक्ती सांगतो, फुकट. या टीटीचा सांगाडा आणि स्कोडा लॉराचा सांगाडा एकाच प्लॅटफॉर्मचा आहे. पार्टच्या दुकानात जाऊन "टीटी" म्हटलं की दुकानदार आधी खुर्ची देतो, मग भाव सांगतो. मी पार्ट नंबर लिहून नेतो आणि "लॉराचा आहे का बघा" म्हणतो. डीएसजीचा फिल्टर तसाच मिळाला. सगळंच जुळत नाही, नंबर जुळला तरच घ्यायचं.

आणि पावसाळा. पहिल्या वर्षी मी प्रेमाने गाडीला जाड कव्हर घातलं, दोऱ्या घट्ट बांधल्या आणि कामाच्या गडबडीत पाच आठवडे ढुंकून बघितलं नाही. उघडली तेव्हा स्टिअरिंगवर पांढरी बुरशी, सीटवर हिरवट बुरशी, आत वास असा की जुन्या घराची माडी. त्याआधी दार उघडायचाच वांधा झाला होता, कारण या गाडीच्या काचेला चौकट नाही, हँडल ओढलं की काच बोटभर खाली सरकते आणि मगच दार सुटतं, बॅटरी मेलेली असेल तर काच सरकत नाही आणि रबराला धरून बसते. ओढाओढी केली तर काच जाते. हळूहळू, शिव्या घालत, उघडलं. कव्हर त्याच दिवशी मेव्हण्याच्या ट्रॅक्टरला देऊन टाकलं. आता गाडी पडवीत उघडीच असते, बॅटरीला ट्रिकल चार्जर (हळूहळू चार्ज करत राहतो तो), दारांच्या रबराला सिलिकॉन ग्रीस, आणि आत कोळशाची परडी. परडी बाबांची आयडिया, आजीच्या कपाटात असायची म्हणे. हजारभर रुपयांच्या सिलिका जेलपेक्षा चांगली चालते, मी दोन्ही करून बघितलंय. बॉनेटखाली तंबाखूची पानं, उंदरांसाठी.

२०२३ मध्ये पंधरा वर्षं झाली, आरसी रिन्यू करायची. इथे एक मोठा फटका बसतो तो आधी धरून चाला, आपल्याकडच्या साध्या गाडीला रिन्यूअलची फी पाच हजार आणि इम्पोर्टेड गाडीला चाळीस हजार, एप्रिल २०२२ पासून. मी २०२१ मध्ये घेतली तेव्हा हा आकडा माझ्या हिशेबात नव्हताच. साडेनऊ लाखांना घेतलेली गाडी पहिल्या दोन वर्षांत, टायर, बेल्ट, गिअरबॉक्स, आरसी सगळं धरून, साधारण पावणेतीन लाख अजून खाऊन बसली. बायकोला पावणेदोन सांगितलंय. ती हे वाचत नाही.

पेट्रोलची डोकेदुखी आहे ती वेगळीच, ई-२० (वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) आल्यापासून. २००८ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. मी ९५ ऑक्टेनचंच भरतो, त्यातही इथेनॉल असतंच, म्हणून टाकीत महिनाभर पेट्रोल पडून राहू देत नाही आणि इंधनाचे पाईप दर सर्व्हिसला हाताने चाचपायला सांगतो.

म्हणून चालवायची, दर रविवारी, काही झालं तरी. सकाळी सहाला निघायचं, साखळीवरून केरी, अंजुण्याच्या धरणाच्या बाजूने चोर्ला घाट, वर चहा, परत. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना ती जी ओढते ना, तेवढ्यासाठी सगळं. चोडणला आत्याकडे जायचं तर मये मार्गे सरळ रस्ता आहे, पण एकदा हौसेने पुढे रायबंदरच्या फेरीबोटीत घातली, नेमकी सुकतीची (ओहोटीची) वेळ, रॅम्प उभा, पुढचा ओठ लोखंडावर असा घासला की फेरीवरचे सगळे वळून बघायला लागले. फेरीवाला ओरडला, "आडवी घाल, आडवी!" तेव्हापासून स्पीडब्रेकरवर पण आडवीच घालतो.

चवथीला गेल्या वर्षी माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात ती) सगळं सामान याच गाडीत आणलं, मागची सीट पाडली की डिकी ७०० लिटरची होते, सुपारीचे कातरे, आंबाडे, चिबूड, नारळ सगळं बसलं. बाबा पुढे बसले होते, मांडीवर केळीचा घड. या गाडीला मागे एक स्पॉयलर आहे, १२० च्या वर आपोआप वर येतो, डिचोलीत १२० कुठून आणणार, पण बटनानेही उठतो. बाजाराच्या तिठ्यावर आलो, वेग वीस, समोर बाबांचे पत्त्यांचे सगळे मित्र दुकानाच्या पायरीवर बसलेले. बाबा पुढेच बघत होते, घड सावरत हळूच म्हणाले, "शेंपडी वयर कर रे."