कोमट म्हणून परत करू नका

इंग्लंडला आलेली आपली मंडळी जुन्या पबमध्ये पहिला घोट घेतात आणि ‘बिअर कोमट आहे, मेली आहे’ म्हणून नाक मुरडतात. मला याचा मनापासून राग येतो. मेलेली नसतेच ती. उलट, आपल्या बाटलीतल्या बिअरपेक्षा जिवंत असते.

बरी सेंट एडमंड्स या गावातला ‘नटशेल’ घ्या. १८६७ पासूनचा, जेमतेम पंधरा फूट बाय सात फुटांचा पब, छताला वाळलेलं मांजर टांगलेलं. बिअर ग्रीन किंगची. ही ब्रुअरी १७९९ पासून याच गावात आहे.

अशा पबमधली कास्क एल, म्हणजे पिंपातली पारंपरिक बिअर, यीस्टसकट येते आणि तळघरातही आंबत राहते. पिंप आडवं ठेवून वरच्या बुचात सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकतात, म्हणजे जादा वायू निघून जातो. फसफस शमली की टणक खुंटी बसवतात. तोटी मोगरीने ठोकायची आणि साका बसेपर्यंत पिंपाला धक्का लावायचा नाही, नाहीतर बिअर गढूळ येते. तळघर ११ ते १३ अंशांवर लागतं. त्याहून गार केली तर चव झाकली जाते, उबदार झाली तर ती बिघडते. नळाला बाहेरचा वायू जोडलेला नसतो. हातपंपाने ओढतात, म्हणून बुडबुडे कमी. जितकी बिअर निघते तितकी हवा आत शिरते, त्यामुळे तोटी लावल्यावर साधारण तीन दिवसांत पिंप संपायला हवं. नऊ गॅलनचं पिंप म्हणजे ७२ पाइंट. खप नसेल तर व्हिनेगरसारखा वास येतो. तेव्हा मात्र ग्लास शांतपणे काउंटरवर परत द्या, सहसा वाद न घालता बदलून देतात.

नागपूरच्या मे महिन्यात बर्फगार लागरच (आपली नेहमीची फसफसणारी बिअर) हवी, तिथे मी कुणाचं ऐकणार नाही. पण तो निकष इथे लावू नये.

शाकाहारी असाल तर आधी विचारा. साका लवकर बसावा म्हणून अनेक ब्रुअरी माशाच्या हवेच्या पिशवीपासून केलेलं आयसिंग्लास घालतात. आपल्याकडे घोळीचं बोत महाग विकलं जातं, तेच अंग. न घालणाऱ्या ब्रुअरीही आहेत.

वेटरची वाट बघत बसू नका. काउंटरवर जा, आपल्या आधी कोण आलंय ते लक्षात ठेवा, लगेच पैसे द्या. हातपंपावरची पाटी उलटी फिरवलेली असेल तर ती बिअर संपलेली किंवा अजून तयार नाही. चव घ्यायला थोडीशी मागितली तर बहुतेक जण देतात. सुरुवात अर्ध्या पाइंटने करावी. पूर्ण पाइंट ५६८ मिलिलिटर; फेस फार असला तर ‘टॉप अप प्लीज’ म्हणायला संकोच नको. परमिट रूमच्या काळ्या काचांआड आपण हिशेबाबद्दल गप्प बसायला शिकलो, इथे तो मागणं रीतीचंच आहे.

बुधवारी आणि शनिवारी गावात बाजार भरतो. नटशेलमध्ये बसायचं असेल तर ते दिवस टाळा.