आमची वाटचाल : धर्मकाट्यापासून सर्व्हरपर्यंत

नागपूर परिसरातल्या धर्मकाट्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणं हे आमच्या छोट्या फर्मचं काम. हिंगणा आणि बुटीबोरीचे कारखाने, वाडीची गोदामं, कळमन्याचा बाजार, सगळीकडे ट्रकचं वजन होतं. सुरुवातीला काम सोपं होतं: इंडिकेटरच्या (वजन दाखवणाऱ्या यंत्राच्या) सिरीयल पोर्टवरून वजन वाचायचं, टेअर (रिकाम्या ट्रकचं वजन) वजा करायचं, पावती छापायची. पुढे मालकांना पावती आणि ट्रकचे फोटो त्याच क्षणी हेड ऑफिसला हवेसे झाले. तिथून लिबकर्लशी, म्हणजे नेटवर्कवरून माहिती पाठवण्या-आणण्याच्या तयार कोडच्या लायब्ररीशी, आमचा संबंध आला आणि आज आमच्या कामाचा मोठा भाग तीच लायब्ररी नीट वापरण्यात जातो.

ती निवडण्याची कारणं व्यावहारिक होती. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ मध्ये कर्ल हा प्रोग्राम प्रसिद्ध केला. २००० पासून त्याचा गाभा लायब्ररी म्हणून मिळू लागला. लायसन्स एमआयटीच्या धर्तीचं आहे, म्हणजे कॉपीराइटची सूचना सोबत ठेवली की विकाऊ सॉफ्टवेअरमध्ये वापरता येते. एका ग्राहकाकडे एचटीटीपीएस, दुसऱ्याकडे एसएफटीपी, तिसऱ्याकडे जुना एफटीपी सर्व्हर, तरी कोडचा साचा एकच राहतो: हँडल (एका व्यवहाराची खूण) तयार करा, पर्याय लावा, परफॉर्म करा (व्यवहार प्रत्यक्ष चालवा), हँडल मोकळं करा. (पुढे पर्यायांची नावं ‘कर्लऑप्ट’ हा उपसर्ग वगळून लिहिली आहेत.)

काट्यावरच्या केबिनमध्ये इंटरनेट बहुधा डोंगलवर चालतं, आणि पहिली अडचण तिथेच येते. कनेक्टटाइमआउट लावला नाही तर लिबकर्ल जोडणीसाठी ३०० सेकंद वाट पाहते. एकूण व्यवहाराला तर मर्यादाच नसते, कारण टाइमआउटचं मूळ मूल्य शून्य, म्हणजे कितीही वेळ. नेटवर्क गेलं पण जोडणी रीतसर बंद झाली नाही, तर परफॉर्म परत येतच नाही. बाहेर ट्रकची रांग लागते आणि ऑपरेटर कॉम्प्युटर बंद करतो. यावर सरसकट ६० सेकंदांचा टाइमआउट लावणं चूक आहे, कारण संथ पण चालू असलेला फोटो अपलोडही त्यात मारला जातो. आम्ही कनेक्टटाइमआउट १५ ठेवतो, लोस्पीडलिमिट सेकंदाला २०० बाइट्स आणि लोस्पीडटाइम ३०. सलग ३० सेकंद वेग त्याखाली राहिला तरच व्यवहार तुटतो आणि २८ हा एरर कोड मिळतो. एकूण ६० सेकंदांची मर्यादा फक्त पावतीच्या मजकुराला, कारण तो जेमतेम काहीशे बाइट्सचा असतो. हे आकडे सी कोडमध्ये देताना मागे एल लावावा. पर्याय लावणाऱ्या सेटऑप्ट फंक्शनला लाँग प्रकार लागतो आणि साधा इंट दिला तर ६४ बिट लिनक्सवर भलतंच मूल्य वाचलं जाऊ शकतं. लिनक्सवर अनेक थ्रेड असतील तर नोसिग्नल १ करायला विसरू नये.

यश कशाला म्हणायचं, हे लायब्ररी ठरवत नाही. सर्व्हरने ४०४ किंवा ५०० दिलं तरी परफॉर्म ‘ओके’च सांगतं, कारण तिच्या दृष्टीने देवाणघेवाण पूर्ण झाली. म्हणून गेटइन्फोने (व्यवहाराची माहिती देणाऱ्या फंक्शनने) सर्व्हरचा रिस्पॉन्स कोड पाहावा लागतो. आम्हाला २००, म्हणजे ‘सगळं ठीक’, हा कोडसुद्धा पुरत नाही. सर्व्हरने पावती क्रमांक उत्तरात परत पाठवला, तरच ती पावती काट्यावरच्या कॉम्प्युटरमधल्या, पाठवायच्या पावत्यांच्या रांगेतून निघते. उलट प्रकारही घडतो: सर्व्हरने नोंद केली, पण उत्तर येण्याआधी जोडणी तुटली. पावती पुन्हा जाते आणि एकाच ट्रकच्या दोन नोंदी होतात. याला इलाज एकच. क्रमांक काट्यावरच तयार करायचा आणि सर्व्हरने तो क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नवी नोंद न करता तेच उत्तर द्यायचं. हिशेबाच्या कामात आम्ही यावर तडजोड करत नाही.

कॉलबॅकबद्दल, म्हणजे उत्तर आलं की लिबकर्ल बोलावते त्या आपल्या फंक्शनबद्दल, थोडक्यात. उत्तर तुकड्यातुकड्यांनी येतं, साधारणपणे एक तुकडा जास्तीत जास्त १६ केबी, आणि शेवटी शून्य बाइट नसतो. प्रत्येक तुकडा जोडत जायचा आणि मिळाले तितके बाइट्स परत सांगायचे. आकडा जुळला नाही की कोड २३. विंडोजवर डीएलएल वापरताना राइटडेटामध्ये फाइल पॉइंटर दिला, तर स्वतःचं राइटफंक्शनही, म्हणजे हा कॉलबॅकही, द्यावंच, नाहीतर प्रोग्राम कोसळतो. पोस्टफील्ड्स (पाठवायचा मजकूर देण्याचा पर्याय) मजकुराची प्रत करून ठेवत नाही, त्यामुळे व्यवहार संपेपर्यंत तो जिवंत हवा. फोटोसाठी माइमची (फाइल जोडून पाठवण्याची) फंक्शन्स वापरावीत.

सर्वांत जास्त फोन येतात ते कोड ६० साठी, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटची पडताळणी फसली. सगळीकडे सुचवला जाणारा उपाय म्हणजे व्हेरिफायपीअर शून्य करा, म्हणजे ही पडताळणीच बंद करा. आमच्या कोडमध्ये त्याला मनाई आहे, कारण मग मधला कोणीही सर्व्हर बनून वजन बदलू शकतो. खरी कारणं शोधली तर सापडतात. केबिनमधल्या जुन्या कॉम्प्युटरचा सीमॉस सेल (घड्याळ चालू ठेवणारा सेल) संपलेला असतो आणि तारीख काही वर्षं मागे गेलेली असते. किंवा सर्व्हरवाल्याने मधलं सर्टिफिकेट जोडलेलं नसतं. ब्राउझर ते पुष्कळदा स्वतः मिळवतो, म्हणून ‘क्रोममध्ये तर चालतंय’ हे उत्तर ग्राह्य धरू नये. किंवा मूळ सर्टिफिकेटांची यादीच जुनी असते. ३० सप्टेंबर २०२१ ला मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतलं डीएसटी रूट सीए एक्स३ हे मूळ सर्टिफिकेट संपलं, तेव्हा जगभर जुन्या ओपनएसएसएलवर (एन्क्रिप्शनच्या लायब्ररीवर) चालणारे प्रोग्राम असेच अडले. आमची प्रत ओपनएसएसएलवर बांधलेली आहे, म्हणून मोझिलाच्या यादीवरून कर्ल प्रकल्प तयार करतो ती फाइल प्रत्येक अपडेटसोबत जाते. तिचा मार्ग सीएइन्फोमध्ये असतो. ती फाइल वाचताच आली नाही तर कोड ७७ येतो.

संथपणाची तक्रार आली की गेटइन्फोच्या वेळा पाहतो. त्या सगळ्या सुरुवातीपासून मोजलेल्या असतात, म्हणून वजाबाकी करूनच वाचाव्यात. नेमलुकअप मोठी असेल तर डीएनएस (सर्व्हरच्या नावावरून पत्ता शोधणं), कनेक्टमधून ती वजा करून फरक मोठा निघाला तर नेटवर्क, आणि ॲपकनेक्टमधून कनेक्ट वजा केलं की टीएलएसचा (सुरक्षित जोडणी जुळवण्याचा) वेळ. दर पोस्टला नेमका एक सेकंद जास्त लागत असेल तर बहुधा ‘एक्सपेक्ट’ हेडरचा दोष असतो: जुन्या आवृत्त्या १०२४ बाइट्सवरच्या पोस्टसाठी सर्व्हरच्या संमतीची एक सेकंद वाट पाहतात. ‘एक्सपेक्ट:’ असा रिकामा हेडर दिला की थांबणं बंद. कोडवर संशय असेल तर त्याच मशीनवर कर्ल कमांड व्हर्बोजसह (प्रत्येक पायरी दाखवत) चालवतो. ती चालली, तर ‘लिबकर्ल’ हा तिचा पर्याय त्याच कमांडचा सी कोड लिहून देतो आणि तो आपल्या कोडशेजारी ठेवून फरक पाहता येतो. एररचं वर्णन जिथे येतं तो एररबफर २५६ बाइट्सचा असतो. तो लॉगमध्ये उतरवला की निम्म्या तक्रारी फोनवरच सुटतात.

लॉगच्या पहिल्या ओळीत लिबकर्लची आवृत्ती असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सॉक्स५ प्रॉक्सीतला गंभीर दोष ८.४.० मध्ये दुरुस्त झाला, तेव्हा कोणत्या काट्यावर काय बदलायचं हे त्या ओळीवरूनच कळलं.

नवा काटा सुरू करताना ग्राहकासमोर चाचणी होते. फोटो जात असताना डोंगल उपसतो: कोड ५५ (पाठवणं फसलं), ५६ (घेणं फसलं) किंवा ठरल्या वेळेत २८ यायला हवा आणि पावती रांगेत राहायला हवी. तारीख दहा वर्षं मागे नेतो: ६०. सर्व्हरचं नाव मुद्दाम चुकवतो: ६ (नावाचा पत्ता सापडला नाही). मग सगळं पूर्ववत करून रांगेतल्या पावत्या जाऊ देतो आणि हेड ऑफिसच्या यादीत एकही क्रमांक दोनदा नाही, हे मालकाला दाखवूनच पहिला ट्रक काट्यावर घ्यायला सांगतो.