आउटलेटला इनलेटपेक्षा जास्त ॲसिटोन: माझा अनुभव

बेड (वाफ धरून ठेवणारा ॲक्टिव्हेटेड कार्बनचा थर) भरणं, ब्लोअर, पाइपिंग यात काही अडलं नाही. अडलं ते एका अहवालावर. ॲसिटोन आणि टोल्युइनची मिश्र वाफ ॲक्टिव्हेटेड कार्बनमधून सोडून ब्रेकथ्रू चाचणी (वाफ बेड ओलांडून कधी बाहेर पडते हे पाहणारी) घेतली होती. जीसीचा (गॅस क्रोमॅटोग्राफ, प्रत्येक वाफ वेगळी मोजणारं यंत्र) आकडा आला: ॲसिटोन इनलेटला ४०० पीपीएम, आउटलेटला ५२०.

"नमुन्यांची लेबलं उलटी लागलीत," असा शेरा मारून तपासणी विभागानं अहवाल परत पाठवला. पुन्हा नमुने घेतले, आकडा तोच. मग म्हणे जीसीचं कॅलिब्रेशन करा. तेही केलं. नऊ दिवस यात गेले. कार्बनवर काय चाललंय हे कोणी विचारलंच नाही, याचा राग अजून आहे.

सुरुवातीला दोन्ही वाफा कार्बनवर बसतात. पण ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं आणि टोल्युइन ११०.६ अंशांना, टोल्युइनची पकड कितीतरी घट्ट. टोल्युइन बेडमध्ये पुढे सरकतं तसं आधी बसलेल्या ॲसिटोनला उठवतं. मग आउटलेटला नवं आलेलं ॲसिटोन आणि हुसकावलेलं ॲसिटोन एकदमच बाहेर पडतं.

तपासणी विभागाचा भरवसा हातातल्या पीआयडीवर (फोटोआयनायझेशन डिटेक्टर, वाफ मोजणारं छोटं उपकरण) होता, कारण त्यावर आउटलेट कमीच दिसत होतं. पीआयडी सगळ्या वाफांची बेरीज दाखवतो, आणि टोल्युइनला तो ॲसिटोनच्या जवळजवळ दुप्पट प्रतिसाद देतो. टोल्युइन बेडमध्येच अडकलेलं, म्हणून बेरीज कमी. मिश्रणासाठी जीसीच हवा.

शेवटी मी आउटलेटच्या ॲसिटोनचा वेळेनुसार आलेख काढला. ४००च्या रेषेवरचा उंचवटा मोजला, सुरुवातीला बेडनं धरून ठेवलेलं ॲसिटोन मोजलं. उंचवटा त्याहून लहान निघाला. म्हणजे जादा ॲसिटोन बेडमधलंच होतं. त्या एका पानावर सही झाली तेव्हा खरंच अभिमान वाटला.

तेव्हा, बेड बदलायची वेळ टोल्युइनवरून ठरवू नका. ॲसिटोन आधी बाहेर पडतं. एकट्या वाफेच्या क्षमतेचे तक्ते मिश्रणाला जसेच्या तसे लावू नका. आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं: हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर गेली की पाणीही जागा अडवायला लागतं, म्हणून प्रत्येक नमुन्यासोबत आर्द्रताही लिहून ठेवा. कीटोन (ॲसिटोन त्यातलंच) असतील तर बेडचं तापमानही बघा; कार्बनवर त्यांचं ऑक्सिडेशन होऊन बेड पेटू शकतो. आमच्या बेडमध्ये आता मधोमध आणि आउटलेटजवळ थर्मोकपल आहेत.